खिम्याचा स्वस्त, पोटभरीचा स्ट्यू घरी करायचाय. रस पांचट होतो, खिमा करडा पडतो. काय चुकतंय?

घणसोलीकर
सहा माणसांचं रात्रीचं जेवण एकाच भांड्यात व्हावं, सोबत फक्त पाव, असा बेत आहे. अर्धा किलो खिमा, बटाटे, गाजर, कांदा. परदेशी पाककृतींत ग्राउंड बीफ लिहिलेलं असतं, तर ठाणे-नवी मुंबईत त्या जागी नेमकं काय मागायचं?

दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा त्याच अडचणी आल्या. खिमा परतायला घेतला की पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यात शिजून करडा होतो, शिवाय त्याचे गोळे होतात. रस पातळच राहतो. बटाटे एकदा पिठूळ झाले आणि एकदा पाऊण तास उकळूनही आत कडक राहिले. घरात ५ लिटरचा कुकर, नॉनस्टिक पॅन आणि लोखंडी कढई आहे. मैदा लावून रस दाट करायचा नाही, दुसरं काही असेल तर सांगा.

चेंदणीचा बाजार
आधी मांसाचं सांगतो, कारण निम्मी चूक दुकानातच होते.

२०१५ पासून महाराष्ट्रात गायीसोबत बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हशी-रेड्यांना ती बंदी नाही. त्यामुळे इथे ग्राउंड बीफच्या जागी म्हशीचा किंवा रेड्याचा खिमाच घ्यायचा. मुंब्रा-कौसा आणि भिवंडीकडच्या दुकानांत त्याला ‘बडे का’ म्हणतात. मटणाच्या खिम्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत येतो, म्हणूनच स्वस्त स्ट्यूला तो योग्य. चव गडद असते आणि मिरी, लवंग, तमालपत्र त्याला छान पेलतात.

दळून ठेवलेला खिमा घेऊ नका. अखंड तुकडा निवडा आणि समोर दळून घ्या. खांदा किंवा सीना (छातीचा भाग) मागा. रानाचं, म्हणजे मांडीचं, मांस दिसायला सुबक असतं, पण त्यात चरबी आणि शिरा कमी. कटलेटला ते चालतं, स्ट्यूमध्ये मात्र भुश्यासारखं लागतं. खांद्यातल्या चिवट पडद्यांचं शिजून जिलेटिन होतं आणि रसाला अंग येतं. अर्धा किलोत ५० ग्रॅमच्या आसपास चरबी असू द्या. त्याहून जास्त नको, कारण म्हशीची चरबी लवकर गोठते आणि ताट जरा निवलं की टाळूला मेणासारखी चिकटते.

जाड जाळीतून एकदाच दळायला सांगा. दोनदा दळलेला बारीक खिमा कबाबाला ठीक, स्ट्यूत तो विरघळल्यासारखा होतो.

आता धुण्याबद्दल. खिमा दळल्यावर धुवायचा नाही. बहुतेक घरांत तो चाळणीत घालून नळाखाली धरतात. त्यात चव वाहून जाते, आणि दाण्यादाण्यात अडकलेलं पाणी कितीही पिळलं तरी निघत नाही. तुमच्या कढईत सुटणारं पाणी बरंचसं हेच असणार. धुवायचंच असेल तर अखंड तुकडा धुवून कोरडा पुसून घ्या आणि मग दळायला द्या. दुकानदाराला आधीच सांगितलं तर तो ऐकतो.

वाफ आणि शिट्टी
वरचं सगळं बरोबर. करड्या खिम्याचं दुसरं कारण गर्दी.

मांसाला खरपूस तपकिरी रंग आणि तो भाजका वास यायला पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास जावा लागतो. तिथे पाणी असेल तोवर तापमान १०० च्या वर जात नाही. अर्धा किलो थंडगार खिमा एकदम टाकला की कढई निवते, सुटलेलं पाणी उडून जायला वाव मिळत नाही आणि तुम्ही भाजण्याऐवजी उकडत बसता.

नॉनस्टिक बाजूला ठेवा, लोखंडी कढई घ्या. खिमा अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा, त्याहून जास्त नाही. कढई मोठ्या आचेवर धूर दिसेपर्यंत तापवा, एक मोठा चमचा तेल घाला आणि खिम्याचा फक्त तिसरा हिस्सा टाका. पावभाजीच्या मॅशरने दाबून कढईभर पातळ पसरा आणि मग हात लावू नका. तीन ते चार मिनिटं अजिबात हलवायचा नाही. सुरुवातीला सुरसुर आवाज येतो, तो पाण्याचा. पाणी संपलं की आवाज बदलतो, कोरडा तडतडायला लागतो. कडेने तपकिरी किनार दिसली की उलथन्याने मोठ्या पापुद्र्यासारखा उलटा, एक मिनिट ठेवा आणि आता मॅशरने फोडा. गोळे इथेच मोडतात. एकदा रस घातला की मोडत नाहीत, कारण तोवर मांस आवळून घट्ट झालेलं असतं. ताटात काढा, कढई पुन्हा तापू द्या, दुसरा हिस्सा टाका.

सगळा खिमा दोन्ही बाजूंनी भाजायची गरज नाही. एक बाजू नीट भाजली की पुरते.

तिन्ही खेपा झाल्यावर कढईच्या तळाला तपकिरी थर चिकटलेला असेल. स्ट्यूची खरी चव त्यात आहे, तो घासणीखाली जाऊ देऊ नका. त्याच कढईत मध्यम आचेवर कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. कांद्याच्या पाण्याने थर सुटायला लागतो, उरलेला अर्धी वाटी गरम पाणी घालून लाकडी उलथन्याने खरवडा आणि सगळं कुकरात ओता. थर काळा पडून कडवट वास येत असेल तर मात्र टाकून द्या, तो भांडंभर उतरतो.

मीठ भाजून झाल्यावर. आधी लावलं की खिमा पाणी सोडतो आणि दाणे एकमेकांना चिकटतात.

डाळपाणी
रस दाट करायला मसूर डाळ. साधी, सालं काढलेली, नारिंगी. सहा जणांना १०० ग्रॅम पुरे. प्रेशरखाली ती पूर्ण विरघळते, स्ट्यूत डाळ आहे हे खाणाऱ्याला कळतही नाही, आणि अर्धा किलो खिम्याला पाऊण किलोचा भरीवपणा येतो. तूरडाळ नको, तिची चव लपत नाही आणि पदार्थ डाळगोश्ताकडे झुकतो.

मापं अशी धरा: खिमा ५०० ग्रॅम, कांदे २५० ग्रॅम, बटाटे ४००, गाजर २५०, कोबी १५०, टोमॅटो २००, मसूर १००. आलं-लसूण वाटण एक मोठा चमचा. तमालपत्र २, लवंगा ४, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, जाडसर कुटलेली मिरी एक छोटा चमचा. मीठ एकूण साडेतीन सपाट छोटे चमचे, त्यातले दोन आधी आणि बाकीचं शेवटी चव बघून. पाणी आधी १ लिटर, नंतर लागेल तसं ३०० मिलीपर्यंत, गरमच.

कांदा गुलाबी झाला की आलं-लसूण, खडा मसाला, मग दोनशेतला फक्त एक टोमॅटो बारीक चिरून. तो तेल सुटेपर्यंत परता. कुकरात हे सगळं, भाजलेला खिमा, ताटात सुटलेला त्याचा रस आणि पाणी. तळ एकदा खरवडून बघा, मग धुतलेली मसूर वरून पसरा आणि ढवळू नका. ढवळली की डाळ तळाला बसते आणि लागते. डाळ फेसाळते, त्यामुळे कुकर निम्म्याच्या वर भरू नये, नाहीतर शिट्टीची नळी तुंबते. या मापाने ५ लिटरचा कुकर निम्म्याच्या आत राहतो.

पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच मंद करून १२ मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. शिट्टी किती वेळाने वाजते ते बर्नर, कुकर आणि आतलं पाणी यावर ठरतं, म्हणून ‘चार शिट्ट्या’ प्रत्येक घरात वेगळ्या. वाफ आपोआप जिरू द्या.

बटाटे आणि गाजर अजून घातलेले नाहीत, हे लक्षात घ्या. तुमचे पिठूळ झालेले बटाटे बहुधा खिम्यासोबत पूर्ण वेळ कुकरात होते. आणि कडक राहिलेले टोमॅटोसोबत उघड्यावर शिजत होते. आंबटपणामुळे भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही, म्हणून टोमॅटोत किंवा व्हिनेगरमध्ये बटाटा हट्टाने कडक राहतो. तेव्हा कुकर उघडल्यावर ३ सेंटिमीटरचे बटाटे, त्याहून थोडे लहान गाजराचे तुकडे आणि ३०० मिलीतलं निम्मं गरम पाणी घाला. झाकण नुसतं टेकवून मंद आचेवर १५ ते १८ मिनिटं. दर ५ मिनिटांनी तळापासून हलवा, आता डाळ विरघळलेली आहे, लागू शकते. बटाट्यात सुरी सहज गेली की उरलेला टोमॅटो आणि कोबी, अजून ६ ते ७ मिनिटं.

घणसोलीकर
खूप आभार, टोमॅटो-बटाट्याचं माहीतच नव्हतं. तीन प्रश्न राहिले. एक, खिम्याला खायचा सोडा लावतात असं वाचलं, लावावा का? दोन, घरातले दोघं म्हशीचं खात नाहीत, तेव्हा चिकनचा खिमा याच पद्धतीने चालेल का? तीन, अजून खर्च कमी करायचा तर काय वाढवावं?

चेंदणीचा बाजार
सोडा नको. ताज्या, चांगल्या खिम्याला त्याची गरज नाही, आणि जरा जास्त झाला की साबणासारखी चव येते.

वाफ आणि शिट्टी
प्रमाण सांभाळलं तर उपयोग आहे, विशेषतः रानाचाच खिमा मिळाला असेल तेव्हा. अर्धा किलोला पाव छोटा चमचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून चोळा, १५ मिनिटं ठेवा, मग भाजा. सोड्याने मांस कमी आंबट होतं, त्यामुळे ते पाणी धरून ठेवतं आणि तपकिरीही लवकर होतं. पाव चमच्याच्या वर मात्र खरंच जाऊ नका. खांद्याचं मांस असेल तर गरज नाही, इथे मी दादांशी सहमत.

नेरूळ सहा
चिकनच्या खिम्याचं उत्तर: पद्धत तीच, वेळ वेगळी. त्याला १२ मिनिटं प्रेशर दिलं तर रबरासारखा कोरडा होतो. मसूर, कांदा, मसाला आणि पाणी आधी कुकरात एक शिट्टी आणि ५ मिनिटं शिजवा, मग बटाटे-गाजर, आणि भाजलेला चिकनचा खिमा शेवटच्या १० मिनिटांत. चिकनमधून रसाला फारसं अंग येत नाही, म्हणून दोन-तीन शिजलेले बटाटे भांड्याच्या कडेला दाबून कुस्करा.

मटणाचा खिमा घेतलात तर त्याची चरबी भाजतानाच सुटते. एक मोठा चमचा ठेवून बाकीची काढून घ्या.

खर्च कमी करायचा तर सोया ग्रॅन्युल्स. खिमा ३५० ग्रॅम आणि सुके ग्रॅन्युल्स ५० ग्रॅम. उकळतं पाणी आणि थोडं मीठ यात १० मिनिटं भिजवा, गार करा आणि मुठीत घट्ट पिळा. मग ताज्या पाण्यात पुन्हा एकदा बुडवून पिळा. ही दुसरी पिळणी टाळली की सोयाचा तो कच्चट वास रसात उतरतो. खिमा भाजून झाल्यावर त्याच कढईत दोन मिनिटं परता, म्हणजे खिम्याचं तेल पितात. निम्म्यापेक्षा जास्त सोया घातला तर ताटात स्पंज लागतो.

भाज्यांत नवलकोल छान, बटाट्यासारखा पिठूळ होत नाही. दुधी नको, पाणी सोडतो. हिवाळ्यातलं लाल गाजर गोड असतं, ते घेतलं तर टोमॅटो थोडा वाढवा.

चेंदणीचा बाजार
चवीबद्दल एक राहिलं. शेवटी, गॅस बंद केल्यावर, एक छोटा चमचा व्हिनेगर आणि पुन्हा थोडी ताजी कुटलेली मिरी. पहिली मिरी शिजून तिखटपणा देते, वास उडालेला असतो, तो दुसरीने येतो. एक छोटा चमचा सोया सॉस घातलात तर रंग आणि मांसाची चव दोन्ही गडद होतात, मीठ मात्र तेवढं कमी.

ठाणे-वसईकडच्या ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या ख्रिस्ती) घरांत असतो तो बॉटल मसाला मिळाला तर कांद्यात एक छोटा चमचा घाला आणि दालचिनी-लवंग वगळा, ती त्यात असतेच. गरम मसाला वरून भुरभुरू नका. मग तो स्ट्यू राहत नाही, खिमा-बटाटा होतो. तोही उत्तम पदार्थ, पण तुम्हाला आज तो करायचा नाहीये.

पाव लादी नको, कडक घ्या. या रसात लादी पाव लगेच लगदा होतो.

डाळपाणी
उरलेल्याचं सांगते, कारण खिमा लवकर बिघडतो. दळताना बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन. भाजताना आतून गुलाबी राहिला तरी चिंता नाही, कुकरात तो पुरेसा शिजतो, पण भाजलेला खिमा ओट्यावर ठेवून तासाभराने कुकर लावू नका.

शिजलेला स्ट्यू कुकरातच झाकून रात्रभर ठेवू नये. आपल्याकडच्या दमट हवेत जाड रस आतून तासन्‌तास कोमट राहतो. पसरट भांड्यात काढा, परातीत पाणी घेऊन त्यात ठेवा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी घट्ट थिजलेला दिसेल, ते जिलेटिन आणि डाळ, बिघाड नाही. अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा आणि मध्यभागी खदखदेपर्यंत उकळा.

फ्रीझरला टाकायचा असेल तर बटाटे घालण्याआधीचा, म्हणजे कुकर उघडल्यावरचा खिमा-मसूर टाका. गोठवलेला बटाटा वितळला की दाणेदार आणि पाणचट होतो. महिनाभर ठेवायला हरकत नाही. आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये आणा, दुसऱ्या दिवशी उकळी आणून ताजे बटाटे-गाजर घाला. दुप्पट खिमा भाजून असा ठेवलात तर पुढच्या वेळी स्ट्यू अर्ध्या तासात होतो.

घणसोलीकर
कळलं. रविवारी खांद्याचं मांस समोर दळून आणतो, आणि दुप्पटच भाजतो.