घरपट्टी थकली म्हणून माग उचलून नेता येतो का?

पूर्वभागवाला:
नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापुरात अशोक चौकाकडं, खाली चार यंत्रमाग, वर आम्ही. तीन वर्षांची घरपट्टी थकलीय, खोटं कशाला बोलू, टॉवेलचा धंदाच बसलाय. परवा भर दुपारी दोघं आले, वसुलीचे आहोत म्हणाले, आयकार्ड मागितलं तर एकजण म्हणतो ऑफिसात राहिलं, आणि दुसरा तोवर माग मोजालता. पाच हजार रोख द्या नाहीतर मागाच्या मोटारी काढून नेतो म्हणे. आई कपाटाकडं निघाली होती, मीच थांबवलं. असं खरंच नेता येतं का ओ?

शेंगाचटणी:
रोख दिलं नाहीस ना? बास मग. मार्चमध्ये असले कोणपण फिरतात बे. पावती नाही तर पैसा नाही.

जुना_क्लार्क:
मी दुसऱ्या गावात वसुलीतच नोकरी केली, म्हणून सांगतो. आधी बिल, मग मागणीची नोटीस, तिची मुदत संपली की वॉरंट, आणि त्यानंतर जप्ती. महापालिका अधिनियम 1949, अनुसूची ड, कराधान नियम, तिथं सगळं आहे. वॉरंट नसताना कुणी मोटारीला हात लावायचा नाही. वॉरंट असलं तरी अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं सोडावी लागतात, आणि जे नेतील त्याची यादी तुमच्या हातात द्यावी लागते. आता तुमची खरी अडचण. हातमाग असता तर हत्यार म्हणून भांडलो असतो, पण चार यंत्रमाग म्हणजे कारखाना, असंच समोरचा म्हणणार. त्या भरवशावर राहू नका. शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, महिन्याला 2 टक्के चढते, म्हणजे वर्षाला 24, बँकेचं कर्ज परवडलं.

लेस्टरकर:
माझं सासर सोलापूरचं, मी इकडं इंग्लंडला. इथं कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, थकला की प्रायव्हेट बेलिफ, म्हणजे खाजगी वसुलीवाले, येतात, पण 2014 पासून त्यांची फी कायद्यानं ठरलीय, तेव्हा ठरली ती पत्र पाठवलं की 75 पाउंड, दारात आले की वर आणखी 235. म्हणजे नियम आहेत, पण दार उघडायच्या आधीच कर्ज वाढलेलं असतं. धंद्याची अवजारं 1,350 पाउंडांपर्यंत सोडतात. तुमच्याकडं निदान दारात आल्याचे पैसे लावत नसावेत, ते बरं म्हणायचं.

शेंगाचटणी:
लावत नाहीत, मागतात 😀

जुना_क्लार्क:
त्यावर मी काय बोलणार! पण खरंय, वसुलीला येणाऱ्याच्या छातीवर फोटोचं कार्ड आणि हातात वॉरंटचा नंबर पाहिजेच. नोकरीत असताना आम्हीच कंटाळा करायचो, हे पण कबूल करतो.

पूर्वभागवाला:
थँक्यू काका. नोटीस कधी आलीच नाही असं वाटत होतं, तर ती देवळीत उदबत्तीच्या पुड्याखाली सापडली. उद्या झोन ऑफिसात जाऊन आकडा काढतो, हप्ते पाडून देतात का विचारतो. आणि त्या दोघांना आईनं चहा पण पाजला होता, ते तिला अजून लागलंय.