वस्ती की माणूस: बी.पी.-साखरेचा दोष कुणाच्या माथी?

खासबागकर
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, "बी.पी., साखर हे ज्याच्या त्याच्या जिभेचे आणि आळसाचे रोग. वस्तीकडे बोट दाखवणं ही पळवाट." वाचून गप्प बसवेना. प्युअर या अनेक देशांतल्या हृदयविकाराच्या अभ्यासाचा २०१९ चा निकाल काढा. २१ देश, ३५ ते ७० वयाची १,५५,७२२ माणसं. हृदयविकार-पक्षाघाताचा सुमारे ७० टक्के भार बदलता येण्याजोग्या कारणांवर, त्यात उच्च रक्तदाब सगळ्यांत वर. पण त्याच यादीत घरातला चुलीचा धूर आणि कमी शिक्षणही आहे, आणि गरीब देशांत त्यांचं वजन जास्त. चुलीपुढं बसणारीच्या जिभेचा यात काय दोष?

हिशेबी
पोस्ट माझीच. यादी मलाही ठाऊक आहे. वस्तीची सरासरी काढून माणसाबद्दल बोलायचं, इथंच तुमचं चुकतं. भाडं कमी तिथं गरीब आणि आजारी माणसं येऊन राहतात. आजारानं कमाई घटली म्हणून वस्ती बदलली, असंही होतं. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

खासबागकर
त्यासाठीच दोन पातळ्यांचा हिशेब करतात. वय, शिक्षण, उत्पन्न, तंबाखू आधी माणसाच्या खात्यात घालायचं, मग वस्तीवस्तीत फरक किती उरतो ते बघायचं. आणि निवडीचा आक्षेप असेल तर अमेरिकेतला 'मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी' प्रयोग घ्या. १९९४ ते ९८, पाच शहरं, ४,४९८ कुटुंबं. कुणाला कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत मिळणार, ते सोडतीनं ठरलं. २०११ च्या निकालात मदत मिळालेल्या गटातल्या बायकांत ३५ आणि त्यावर बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) असलेल्यांचं प्रमाण ४.६१ टक्के-अंकांनी कमी, ६.५ आणि त्यावर एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) असलेल्यांचं ४.३१ नी कमी. स्वभाव सोडतीनं बदलत नाही.

हिशेबी
सोडतीचं मान्य करावं लागेल. पण इथं बेळगावात सर्व्हे केला तर वस्ती म्हणजे काय धरणार? महापालिकेचे ५८ वॉर्ड? एकाच वॉर्डात मागाची गल्लीही येते आणि बंगलेही. शिवाय विणकरांच्या वडगाव-खासबागेत माग घरातच. मोठ्या आवाजाचा रक्तदाबाशी संबंध आहेच, पण ती कामाची जोखीम की वस्तीची? त्याच गल्लीतले माग न चालवणारेही मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

निपाणी_सर्व्हे
आधी बी.पी. नीट मोजा, मग वस्तीवर भांडा! पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, बोलायचं नाही. आधी अर्धा तास चहा, बिडी, मिश्री नको. निपाणीच्या बिडी-तंबाखूच्या गल्ल्यांत हीच अट पहिली मोडते. दंड हृदयाच्या पातळीला हवा; १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा ७-८ नी चढतो. जाड दंडाला लहान कफ (दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा) लावला तरी चढतो. निदान दोन, शक्यतो तीन वेळा मोजायचं, पहिला आकडा सोडून बाकीच्यांची सरासरी. आता एका पथकानं एकच वस्ती केली आणि त्यांच्याकडं एकच कफ असेल, तर वस्तीचा म्हणून निघालेला फरक त्या पथकाचाच असणार! पथकं वस्त्यांत आलटूनपालटून फिरवा.

चिकोडीची_ताई
आणि सकाळी ११ ला दार वाजवून काय मिळतं? उद्यमबागच्या कारखान्यातला कामगार पाळीवर, घरात म्हातारी आणि सून. कुलूप दिसलं की शेजारचं घर धरतात, तिथंच नमुना बिघडला. त्याच घरी संध्याकाळी, रविवारी पुन्हा जायला हवं. प्रश्नावली कानडीत, म्हणून शेजारीण समजावून सांगणार. शेजारीण आणि सासूसमोर कुठली सून मिश्री कबूल करील? तंबाखूचा आकडा खोटा पडला की तो भार हिशेबात वस्तीवर जातो.

हिशेबी
बघा! म्हणजे वस्तीचा फरक फुगतो, हे ताईच सांगतात.

खासबागकर
फुगतोच असं नाही. सगळ्याच वस्त्यांत सारखं लपवलं तर माणसाच्या खात्यातला तंबाखूचा परिणाम पुसट होतो. सोयीचं तेवढंच उचलू नका. सुखवस्तू टिळकवाडीत बसून मागवाल्याला आळशी म्हणणं सोपं आहे.

हिशेबी
माझा पत्ता काढायचं कारण नाही. आणि मागवाला हा शब्द माझ्या पोस्टमध्ये कुठंच नाही.

निपाणी_सर्व्हे
दोघंही थांबा. कफ किती मापाचे घ्यायचे ते तरी ठरवा. दंडाचा घेर टेपनं मोजून मापं ठेवा, रबरी पिशवीनं घेराचा ८० टक्के भाग वेढला पाहिजे.

हिशेबी
वॉर्ड सोडून गल्ली धरली, पथकं फिरवली, बंद घरांना रविवारी पुन्हा गेलात, मिश्रीचा प्रश्न बाईला एकटीला तिच्या भाषेत विचारलात, तर उरलेला फरक वस्तीचा म्हणून मी लिहून देईन. आळस हा शब्द मागं घेतो. तंबाखूचा मुद्दा सोडणार नाही.