बीपी पडण्याआधी सांगणारं सॉफ्टवेअर कोकणात हवं का?

भूलवाला_कुडाळ
पाऊस लागला की खुब्याच्या केसेस सुरू. अंगणातल्या शेवाळावरून घसरलेल्या सत्तरीपुढच्या आज्या. स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, दिल्यावर पाच-दहा मिनिटांत बीपी उतरतं. दंडाचा बीपीचा कफ तीन-पाच मिनिटांनी फुगणार, म्हणजे मधलं सगळं उशिरा कळणार. सरासरी दाब, म्हणजे एमएपी, ६५ च्या खाली रेंगाळला तर किडनी आणि हृदय दोन्हीची काळजी. ‘हायपोटेन्शन प्रेडिक्शन इंडेक्स’ हे सॉफ्टवेअर धमनीतल्या दाबाच्या लहरीवरून बीपी पडण्याच्या शक्यतेचा ० ते १०० असा आकडा देतं, ८५ ला इशारा. अॅमस्टरडॅमच्या चाचणीत (२०२०, ६० रुग्ण) एमएपी ६५ खाली असण्याचा वेळ ३३ मिनिटांवरून ८ वर आला. जिल्ह्यात एक तरी हवं.

घाटपायथा
लहर आणणार कुठून? मनगटात आर्टेरिअल लाइन, म्हणजे धमनीत बारीक नळी, किंवा बोटाला खास कफ हवा, वर प्रत्येक रुग्णाला नवा सेन्सर. खुब्याच्या किती केसेसना आपण लाइन टाकतो, खरं सांगा. त्याच वर्षी अमेरिकेत २१४ रुग्णांवर चाचणी झाली, तिथे काही फरक पडला नाही. ती कशी विसरलात?

भूलवाला_कुडाळ
विसरलो नाही. तिथे निम्म्या इशाऱ्यांवर कुणी काही केलंच नाही. हाक मारून उठायचं नाही, मग हाक मारणाऱ्याला दोष?

घाटपायथा
बरं, २०२२ मधला आक्षेप घ्या. सॉफ्टवेअरला शिकवताना एमएपीचा ६५ ते ७५ मधला, म्हणजे खरा गोंधळाचा पट्टाच वगळला होता. त्यामुळे आकडा बराचसा एमएपीचाच आरसा. एमएपी सत्तरीत आला की सावध व्हा, हे माझा जुना मॉनिटरही बोंबलून सांगतो.

माडाखाली
माझ्या आवशीच्या खुब्याचा ऑपरेशन झाला तेव्हा डॉक्टर तिच्या उशाशीच बसान होतो. एक हात नाडीवर. तेका मशीन कित्या व्हया?

भूलवाला_कुडाळ
काका, तो डॉक्टर त्या दिवशी एकाच टेबलावर होता. आमच्यात एक माणूस दोन टेबलं बघतो. मला पाच मिनिटं आधी कळलं तर मेफेन्टरमीन, म्हणजे बीपी चढवणारं इंजेक्शन, भरून तरी ठेवीन.

घाटपायथा
मग दुसरा माणूस मागा, यंत्र कसलं मागता? तोवर पहिली दहा मिनिटं कफ दर मिनिटाला लावा आणि एमएपीचा अलार्म ७५ ला ठेवा. फुकट आहे.

ओटी_टेक्निशियन
सर, दोन नंबरच्या टेबलाचा अलार्म जूनपासून म्यूट आहे. कुणी केला ते विचारू नका.