सल्ला हवा: रोजच्या कामासाठी एमएस ऑफिसऐवजी कोणतं ऑफिस वापरावं?

शाईची_दौत:
नमस्कार मंडळी. मी भाषांतराचं काम करते. नव्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलंय, त्यावर एमएस ऑफिस थेट चालत नाही, त्यामुळे आता पर्यायी ऑफिस शोधणं भागच आहे. माझी कामं अशी: चाळीस-पन्नास पानी वर्ड फाइली येतात, त्यात समोरच्याच्या कमेंट्स आणि ट्रॅक चेंजेस (केलेल्या बदलांच्या खुणा) असतात, आणि त्याच स्वरूपात परत पाठवाव्या लागतात. मजकूर मराठी-इंग्रजी मिसळलेला. शिवाय हिशेबाची एक एक्सेल फाइल आहे, त्यात पिव्हट (माहितीचा गोषवारा देणारा तक्ता) आणि एक्सलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणारं सूत्र). लिबरऑफिस, ओपनऑफिस, ओन्लीऑफिस अशी नावं दिसली. रोज वापरणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.

जुना_टंकलेखक:
ओपनऑफिस यादीतून आधी काढून टाका. नाव ओळखीचं असल्यामुळे लोक अजूनही ते उतरवून घेतात, पण 2010 साली त्यातले बरेच लोक वेगळे होऊन लिबरऑफिस सुरू झालं आणि खरं काम तेव्हापासून तिकडेच चाललंय. ओपनऑफिस डॉक्सएक्स, म्हणजे वर्डच्या हल्लीच्या स्वरूपातली फाइल उघडतं, पण डॉक्सएक्समध्ये सेव्ह करत नाही. तुमच्या कामाला ते तिथेच बाद.

मी लिबरऑफिसवर आहे. एक्सलुकअप 24.8 या आवृत्तीपासून आलंय, म्हणून त्याआधीची घेऊ नका. लिनक्सबरोबर आपोआप येणारी आवृत्ती कधीकधी मागची असते, हेल्प मेनूत जाऊन आकडा बघा. मेनू जुन्या पद्धतीचे वाटले तर व्ह्यूमध्ये यूजर इंटरफेस आहे, तिथे टॅब्ड निवडा.

मराठीसाठी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लिबरऑफिस देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा धरतं. टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करा आणि तिथेच हिंदीऐवजी मराठी निवडा. मग स्टाइल (परिच्छेदाचं ठरवून ठेवलेलं रूप) उघडलीत की दोन्ही लिप्यांचे फॉन्ट वेगवेगळे ठरवता येतात. हे न केल्यामुळे माझ्या एका अहवालात इंग्रजी 12 आणि मराठी 10 असं बरेच दिवस चाललं होतं, आणि मी प्रत्येक परिच्छेद हाताने निवडून दुरुस्त करत बसायचो.

कोरा_कागद:
माझं मत थोडं वेगळं आहे. फाइल सारखी इकडून तिकडे जाणार असेल तर ओन्लीऑफिस बघा. ते मुळातच डॉक्सएक्स आणि एक्सएलएसएक्स (एक्सेलच्या फाइलीचं स्वरूप) यांवर काम करतं, आणि दिसायलाही ओळखीचं आहे, त्यामुळे हात लवकर बसतो. डेस्कटॉपवर फुकट चालतं. मात्र मोठं पुस्तक, स्टाइलींवर बारीक हुकमत, जुन्या चित्रविचित्र फाइली उघडणं यात लिबरऑफिस पुढे आहे. माझ्याकडे दोन्ही आहेत, एकमेकांच्या आड येत नाहीत.

हिशेबाच्या फाइलीत मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) असतील तर ते दोन्हीकडे जसेच्या तसे चालतील असं धरून चालू नका. लिबरऑफिसमध्ये व्हीबीएचा, म्हणजे एमएस ऑफिसचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचा, काही भाग चालतो, सगळा नाही.

शाईची_दौत:
दोघांचेही मनापासून आभार. मॅक्रो नाहीत, सुटले! दोन्ही टाकून पाहिली. मराठीची सेटिंग केल्याबरोबर फरक दिसला. पण लिबरऑफिसमध्ये एक 42 पानी फाइल उघडली तर ती 45 पानांची झाली. एक तक्ता मधोमध तुटून पुढच्या पानावर गेलाय. अशी फाइल परत कशी पाठवू?

जुना_टंकलेखक:
फाइलीला हात लावू नका, हा फॉन्टचा प्रश्न दिसतोय. तक्त्यात कर्सर ठेवा आणि वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव बघा. ते तिरक्या अक्षरात असेल तर तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाही, दुसराच वापरून पान दाखवलं जातंय. कॅलिब्री असेल तर कार्लिटो टाका आणि केंब्रिया असेल तर कॅलाडिया. यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी तिथेच तुटतात. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी तसेच लिबरेशनचे फॉन्ट आहेत.

2023 पासून एमएस ऑफिसमध्ये नव्या फाइलींचा मूळ फॉन्ट ॲप्टोस झालाय. तशी फाइल आली तर दोघांकडे असेल असा फॉन्ट ठेवायची विनंती कामाच्या सुरुवातीलाच करा, शेवटच्या दिवशी नको.

शाईची_दौत:
नाव तिरकंच होतं, कॅलिब्री! कार्लिटो टाकून लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडलं. 42 पानं झाली आणि तक्ता जागेवर आला. जुन्या कामातल्या सर्वांत किचकट पाच फाइली आता दोन्हीकडे उघडून, एकेक कमेंट टाकून, सेव्ह करून पाहणार आहे. मैत्रिणीकडे वर्ड आहे, ती परत आलेल्या फाइली तपासून देईल.

कोरा_कागद:
उत्तम. त्या पाचांत तळटीपा असलेली एक फाइल जरूर घ्या. आणि मूळ फाइलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवूनच सुरुवात करा.