आई-बाबांचा टोरांटो प्रवास : वाटेत विमान बदलताना व्हिसा लागेल का?

दांडियाबाजारकर :
नमस्कार. माझे आई-बाबा (वय 67 आणि 72) मे महिन्यात वडोदऱ्याहून धाकट्या भावाकडे टोरांटोला जाणार आहेत. दोघांचे पासपोर्ट भारतीय असून कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा हाती आला आहे. मुंबईपर्यंत ते रेल्वेने जातील. पुढे लंडनमार्गे एकाच बुकिंगवर, ॲमस्टरडॅममार्गे दोन स्वतंत्र तिकिटांवर (हे बरेच स्वस्त पडते) किंवा नेवार्कमार्गे, असे तीन पर्याय दिसतात. ट्रान्झिट व्हिसा कुठे लागेल, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

मांडवीचा मुशाफिर :
लंडनमार्गेच पाठवा. भारतीय पासपोर्टवर हीथ्रोला नुसते विमान बदलायचे असले, तरी एरवी ब्रिटनचा डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. मात्र कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट आहे. नेवार्कचा विचार सोडून द्या. अमेरिकेत पुढचे विमान दोन तासांनी असले तरी इमिग्रेशन ओलांडावेच लागते, बिनव्हिसा ट्रान्झिटची जुनी सवलत 2003 मध्येच बंद झाली आहे, आणि तिथे कॅनडाचा व्हिसा चालत नाही.

सयाजीबागेजवळची :
ॲमस्टरडॅमच्या स्वस्त तिकिटाबद्दल सावध करते, कारण आमच्या मामा-मामींना त्याचाच फटका बसला. शेंगेन देशांचा (म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणारे युरोपीय देश, ॲमस्टरडॅमही त्यातच) टाइप ए, म्हणजे एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा, फक्त विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागापुरता असतो आणि कॅनडाचा वैध व्हिसा असलेल्यांना तो लागत नाही, एवढे वाचून आम्ही निर्धास्त झालो होतो. पण तिकिटे स्वतंत्र असल्यामुळे बॅगा पहिल्याच मुक्कामापर्यंत टॅग होणार होत्या. त्या पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करायच्या, तर आधी इमिग्रेशन ओलांडून त्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि त्यासाठी टाइप सी, म्हणजे अल्पकाळ प्रवेशाचा, शेंगेन व्हिसाच हवा. मुंबईच्या काउंटरवरूनच दोघांना परत पाठवले आणि पुढचे तिकीट बुडाले ते बुडालेच. टाइप सी काढायचा म्हटला, तर जून 2024 पासून माणशी 90 युरो शुल्क आहे, बोटांचे ठसे देण्याची फेरी निराळी. मग स्वस्ताई उरली कुठे?

दांडियाबाजारकर :
मनापासून आभार, दोन तिकिटांचा पर्याय बाद. परतीचे तिकीटही लंडनमार्गेच काढले तर चालेल ना?

मांडवीचा मुशाफिर :
चालेल, मात्र परतीच्या दिवशीही कॅनडाचा व्हिसा वैध असेल अशीच तारीख ठेवा. तो जुन्या पासपोर्टात असेल, तर दोन्ही पासपोर्ट आईंच्या हातातल्या पर्समध्ये राहू द्या. मोठ्या बॅगेत गेले, तर काउंटरवर सगळे उचकटत बसावे लागेल. बुकिंग करतानाच दोघांसाठी व्हीलचेअर नोंदवा. हीथ्रोला एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाण्यात बराच वेळ जातो, म्हणून मधे किमान तीन तास असावेत असे मला वाटते.