शर्मन, बडी आणि आपण: अनुभव लिहा

‘द नटी प्रोफेसर’ या विनोदी सिनेमाचा दुसरा भाग, ‘द क्लम्प्स’, जुलै २०००मध्ये अमेरिकेत लागला. परवा रात्री तो पुन्हा पाहिला आणि उशिरापर्यंत झोप लागली नाही. पादण्याचे विनोद पोत्याने आहेत, मान्य. पण भिडस्त, अवाढव्य देहाचा शास्त्रज्ञ शर्मन क्लम्प प्रेयसी डेनिसला लग्नाचं विचारायला जातो आणि नेमका तेव्हाच त्याच्या आतला बडी लव, म्हणजे पहिल्या भागात बारीक होण्याच्या औषधातून निघालेला त्याचाच उद्धट अवतार, त्याच्या तोंडून घाणेरडं बोलतो. तिथे माझं हसू थांबतं. वैतागून शर्मन बडीचं जनुक अंगातून काढून टाकतो, आणि मग त्याची स्वतःची बुद्धीच ओसरू लागते.

माझ्या आतही एक मोठ्याने बोलणारा माणूस आहे. मी त्याला वीस वर्षं दाबून ठेवलं. तुमचं काय? परीक्षण नको, तुम्हाला काय लागलं ते लिहा.

एडिसन, न्यू जर्सी
ऑगस्ट २०००मध्ये एम.एस.साठी आलो आणि इथे थेटरात पाहिलेला हा पहिला सिनेमा. निम्मे संवाद कळले नाहीत. पण शर्मनच्या घरी जेवणाच्या टेबलावर सगळे एकदम बोलतात, आजी भलतंच काहीतरी काढते, आईचा सगळा जीव मुलात असतो, हे कळायला इंग्रजी कशाला लागतंय? मला आमच्या सांगलीच्या घरातली रविवारची पंगत दिसली. आजूबाजूचे हसत होते आणि माझे डोळे भरून आले होते. ती जवळजवळ सगळी माणसं म्हणजे एकटा नट एडी मर्फी, हे परतताना बसमध्ये रूममेटने सांगितलं. मला ते खरंच वाटेना.

पुणे
मी नाटकांची रंगभूषा करते. आमच्याकडे ‘तो मी नव्हेच’मध्ये पणशीकरांनी पाच भूमिका केल्या, फिरत्या रंगमंचामुळे वेग मिळायचा, पण पाचही माणसं एकाच वेळी समोर येत नसत. इथे ती एका टेबलावर बसतात. मर्फी प्रत्येक पात्राचं चित्रण वेगळं करायचा, समोरची खुर्ची रिकामी असायची, आणि नंतर ते सगळं एकत्र जोडायचे. रंगभूषा रिक बेकरची. पहिल्या भागासाठी त्याला आणि डेव्हिड लेरॉय अँडरसनला ऑस्कर मिळालं. फोम लेटेक्सचे ते गाल, ती हनुवटी एकदा काढली की संपली, दुसऱ्या दिवशी नवा संच. आणि इतक्या थरांखालून मर्फी शर्मनचा लाजरेपणा डोळ्यांत आणतो! आईची भूमिका बघा. मान किंचित कलते, हात पदर सावरावा तसा छातीशी जातो. मी माझ्या मुलींना हे दृश्य आवाज बंद करून दाखवते.

नाशिक
माझं मत वेगळं आहे. शाळेत माझं वजन ऐंशी किलो होतं. पहिला भाग टीव्हीवर आला आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गाने मला ‘प्रोफेसर’ करून टाकलं. शर्मन मला जवळचा वाटतो, फार जवळचा. पण जाड माणसाचं खाणं, बसणं, अडकणं हाच विनोद असतो तेव्हा तो आमच्यावरच पडतो. दुसरा भाग मी तिसाव्या वर्षी एकटीने पाहिला. डेनिसला शर्मनच हवा असतो, बारीक झालेला कोणी नव्हे, एवढ्यासाठी शेवटपर्यंत बसले.

(धागा काढणारा) नाशिकच्या ताई, हे लिहिलंत म्हणून आभार. मी त्या प्रसंगांना हसलो होतो. आता परत पाहीन तेव्हा तुम्ही आठवाल.

कोल्हापूर
मी जीवशास्त्र शिकवते. एका जनुकात अख्खा बडी मावत नाही, हे मुलांना आधीच सांगते. पण ‘नको ते कापलं आणि हवं तेही गेलं’ ही कल्पना पोकळ नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक घ्या. दोन्ही पालकांकडून आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर मलेरियापासून बरंच संरक्षण. गडचिरोली, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत हा आजार आहे. एक मुलगी तिकडून शिकायला आली होती. तास संपल्यावर म्हणाली, “मॅडम, म्हणजे आमच्या रक्तात नुसती खोटच नाही ना?” त्या दिवसापासून हा धडा मी याच सिनेमाने सुरू करते. काढलेल्या जनुकातून बडी वेगळा माणूस होऊन उभा राहतो, त्यात कुत्र्याचा केस पडल्यामुळे त्याच्यात कुत्र्याच्या सवयी उतरतात आणि शर्मन त्याला चेंडू टाकून फसवतो, ते मुलांना भयंकर आवडतं.

ठाणे
कोणी शर्मनच्या वडिलांबद्दल लिहिलं नाही. काम गेलेला क्लीटस बायकोसाठी मुलाचं तारुण्याचं औषध चोरून पितो. माझ्या वडिलांनी २००१मध्ये व्हीआरएस घेतली. महिन्याभरात केस काळे केले, पांढरे बूट आणले. आई रागावायची, मीही चिडवायचो. सिनेमा पाहिला तेव्हा ते जाऊन चार वर्षं झाली होती. ते बूट अजून माळ्यावर आहेत.

सोलापूर
दारू सोडून सहा वर्षं झाली. प्यायलेला मी आणि शुद्धीवरचा मी, ही दोन माणसं होती. पहिल्याने बायकोला फार छळलं. त्याला मुळासकट उपटायचं ठरवलं आणि उपटलं. पण गाणारा, चारचौघांत बोलणारा मी त्याच्याबरोबरच गेलो. गप्प झालो. घर शांत होतं आणि मी भिंतीसारखा. शर्मन शेवटी कारंज्यापाशी वाकून, पाण्यात मिसळलेलं आपलंच हरवलेलं परत पितो, ते पाहताना मला वाटलं, माझा आवाज त्या माणसाचा कधी नव्हताच, तो माझा होता. दारूने तो ठेवून घेतला होता. व्यसनमुक्तीच्या बैठकीत हे बोललो. तिथल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला एकादशीच्या भजनाला नेलं. पहिल्या दिवशी नुसते टाळ धरले. तिसऱ्या एकादशीला ‘सुंदर ते ध्यान’ मी उचललं. बायको मागे बायकांत बसली होती, ती पुढे सरकली.