मदत हवी आहे: पोर्शे ९१४ (१९७२), हेडलाइट लावले की इंजिन अडखळते

नमस्कार मंडळी,

सॅन होजेला राहतो, मूळचा पुण्याचा. गाडी १९७२ची पोर्शे ९१४, १.७ लिटर, बॉशचे मूळ डी-जेट्रॉनिक इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम) अजून शाबूत. "ते काढ आणि कार्ब्युरेटर बसव" हा सल्ला इथे खूप मिळतो, पण तो मला नको आहे. १९६७ साली फोक्सवॅगन १६००वर आलेली ही सिस्टीम आजही उत्तम चालते, वायरिंग धड असेल तर. मला ते वायरिंगच धड करायचे आहे.

दिवसा गाडी छान पळते. रात्री हेडलाइट आणि पंखा चालू असताना सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून थांबलो, की आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) खाली येते, एग्झॉस्टमधून फटफट आवाज येतो आणि कधीकधी इंजिन बंदच पडते. हेडलाइट बंद केले की लगेच सुधारते.

आधी पेट्रोलवर संशय होता. १९७५च्या आधीच्या ९१४मध्ये पंप मागे इंजिनजवळच्या उष्णतेत असतो, त्यामुळे लाइनमध्ये वाफ धरण्याची तक्रार जुनीच आहे. पण गेज लावून बसलो, तर अडखळतानाही प्रेशर २ बारवर स्थिर. म्हणजे पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतेय. व्होल्टेज कमी झाला की इंजेक्टरचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) उशिरा उघडतो, आणि आयडलला तो मुळात काही मिलिसेकंदच उघडा असतो, म्हणून हा उशीर तिथेच सगळ्यात जास्त जाणवतो. मिश्रण पातळ होते. फटफट त्याचीच, असे मला वाटते.

मग मीटर घेतला. सगळी रीडिंग इंजिन आयडलला, हेडलाइट चालू असताना. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.७ व्होल्ट, ईसीयूच्या (इंजेक्शन चालवणाऱ्या कंट्रोल युनिटच्या) कनेक्टरवर ११.० व्होल्ट. ही १.७ व्होल्टची गळती कुठे होते ते टप्प्याटप्प्याने शोधले. अर्थिंग आधी पाहिले, कारण या सिस्टीममध्ये इंजेक्टरचे दुसरे टोक थेट इंजिनच्या केसवर (धातूच्या आवरणावर) अर्थ होते. तिथली टर्मिनले घासून साफ केली, गिअरबॉक्स ते बॉडीची पट्टी नवी टाकली. बॅटरी निगेटिव्ह ते केस आता फक्त ०.०६ व्होल्ट. मेन रिलेच्या (ईसीयूला वीज देणाऱ्या स्विचच्या) कॉन्टॅक्टवर ०.२, रिलेपासून ईसीयूपर्यंत ०.१. उरलेले १.३ व्होल्ट बॅटरी पॉझिटिव्ह ते रिलेचे ३० नंबरचे टर्मिनल (बॅटरीची वीज आत येते ते) या टप्प्यात जातात. हेडलाइट बंद केले की तिथला आकडा १.३ वरून ०.४ वर येतो. म्हणजे माझ्या गाडीत हेडलाइटचा करंटही त्याच खराब सांध्यातून जातोय.

माझी खरी काळजी इंजिन बंद पडण्याची नाही. हेडलाइट, पंप, पंखा मिळून १५ अँपिअर धरले, तरी त्या एका जागी २० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, आणि पेट्रोलचे होज तिथून लांब नाहीत. रिले बसतात त्या बोर्डचा १४ पिनांचा कनेक्टर हाताला गरम लागतो. पिना साफ केल्या, फरक नगण्य. बोर्ड खालून डांबरासारख्या काळ्या मसाल्याने भरलेला आहे, आतले जोड दिसत नाहीत.

जाणकारांनी कृपया सांगावे:

हा मसाला कुणी काढला आहे का? हीट गनने मऊ करून खरवडला तर आतल्या पट्ट्या वाचतात का?

दुसरा पर्याय, बॅटरीपासून फ्यूज घालून जाड नवी वायर थेट रिलेच्या ३० नंबरला द्यायची. इंजिन सुधारेल, पण हेडलाइटचा करंट त्या गरम सांध्यातूनच जात राहील. म्हणून हेडलाइटलाही वेगळे रिले द्यावेत का? आणि हेडलाइटची फीड या बोर्डमधून जाणे हे मूळचे वायरिंग आहे की आधीच्या मालकाने केलेले जोडकाम? मूळ वायरिंग डायग्रॅम वाचलेल्या कुणी सांगितले तर फार बरे होईल.

एक विनंती, "इंजेक्टरला १२ व्होल्ट लावून टिकटिक ऐक" असे कुणी सुचवू नका. हे इंजेक्टर जेमतेम २.४ ओहमचे आहेत, थेट बॅटरीवर धरले तर कॉइल जळते, आणि हे वाचणारा दुसरा कुणी तसे करून बसेल.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी रात्री बाहेर काढणार नाही. आणखी कुठले रीडिंग हवे असेल तर सांगा, घेऊन इथेच टाकतो.